समुद्राकाठची बुरशी आणि गोठ्यातली सुई

नगर जिल्ह्याला समुद्र नाही. जिल्ह्याचं नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं, पण बोलताना तोंडात अजून नगरच येतं. आमच्या संगमनेरहून खाडी गाठायची तर आळेफाट्याला वळायचं, ओतूर करत माळशेज घाट उतरायचा, कल्याण गाठायचं आणि पुढे पनवेल, पेणवरून अलिबाग. तेव्हा तालुक्याच्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी बाई खारफुटीच्या पानांत राहणाऱ्या बुरशीवर पीएच.डी. करते आहे, हे ऐकून लोकांना गंमत वाटायची. "ऊस आहे, डाळिंब आहे, टोमॅटो आहे. हे सगळं सोडून खाडीचा चिखल कशाला?" असं एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलंही होतं.

त्याचं शास्त्रीय उत्तर मला पाठ होतं. जवळपास प्रत्येक वनस्पतीच्या आत बुरशी राहते. ती रोग करत नाही, पान पिवळं पाडत नाही, बाहेरून तिचा पत्ताही लागत नाही. अशा बुरशीला अंतर्वासी बुरशी म्हणतात. खारफुटीचं झाड खारट, प्राणवायू नसलेल्या आणि जिवाणूंनी गच्च भरलेल्या चिखलात उभं असतं. अशा जागी तग धरणारी बुरशी जिवाणूंना रोखणारी काही रसायनं तयार करत असणार, हा आमचा तर्क. भारतात या कामाची सुरुवातीची वाट तमिळनाडूतल्या खारफुटीने दाखवली. टी. एस. सूर्यनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांदळाच्या दोन जातींच्या पानांतल्या बुरशींवरचं काम 1998 मध्ये प्रसिद्ध केलं. आपल्या राज्यात तर 2023 च्या वन सर्वेक्षण अहवालाप्रमाणे 315 चौरस किलोमीटर खारफुटी आहे. काम करायला जागा भरपूर होती.

दुसरं उत्तर मी फारसं कुणाला सांगत नसे. आमच्या घरी गाई होत्या आणि दुधाच्या पगारावर घर चालायचं. गोठ्यात सगळ्यात जास्त भीती दगडीची. पुस्तकात तिला कासदाह म्हणतात. कास तापते, सड कडक होतो, दुधात गुठळ्या येतात आणि गाय धार काढू देत नाही. मग डॉक्टर येऊन सुई मारायचे, सडात ट्यूब सोडायचे. त्या दिवसांत आई एकच सांगायची, "सुईचं दूध विरजायला घेऊ नका, दही लागत नाही." बी.एस्सी.ला आल्यावर कारण कळलं. सुईतलं औषध दुधात उतरतं आणि विरजणाचे जिवाणूही मारतं. प्रतिजैविकाची पहिली चाचणी मी प्रयोगशाळेत पाहिलेली नाही, आईच्या स्वयंपाकघरात पाहिली आहे. दगडीवर नवं काही सापडावं, ही माझी खरी ओढ होती.

खाडीवर जाण्याआधी कागदपत्रं करावी लागतात आणि ती करावीतच. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 च्या आदेशाने राज्यभरात खारफुटी तोडायला बंदी आली. 2012 पासून वनविभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. आम्हाला फक्त पानं आणि बारीक डहाळ्या हव्या होत्या, तरी परवानगीचं पत्र खिशात ठेवूनच चिखलात उतरायचो.

रेवदंड्याला कुंडलिका नदीच्या खाडीवर एका कोळी काकांनी मला वेळ बघायला शिकवलं. मी भरती-ओहोटीचा तक्ता छापून नेला होता. त्यांनी तो बाजूला ठेवायला सांगितला आणि तिथी विचारली. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. तेव्हा पाणी लांब जातं, पण परत येतं तेही जोरात. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, पाण्याची चढउतार बेताची. "नवीन माणसाने भांगाला यावं," हा त्यांचा नियम. घाटावरच्या माणसाला चिखलाचा अंदाज नसतो. पाय गुडघ्यापर्यंत जातो, चप्पल आत राहते आणि बुडख्यांना चिकटलेली कालवं पायाला कापतात. निवट्या मात्र आपल्यासमोरून मजेत उड्या मारत जातात.

तिथं झाडं ओळखायला हाताने आणि जिभेने शिकले. तिवराचं पान उलटं केलं की खालच्या बाजूला मिठाचे कण दिसतात, चाटलं तर खारट लागतं. झाड जादाचं मीठ पानातून बाहेर टाकतं. मारांडीच्या पानाला काटे, म्हणून हातमोजे. गेव्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जाण्याची भीती, म्हणून त्याला हात लावताना चष्मा. पांढरी चिप्पी 2020 मध्ये राज्याचं खारफुटी झाड म्हणून जाहीर झाली. तिच्या भोवती चिखलातून वर आलेली श्वसनमुळं टाळत चालावं लागतं. कांदळ मी रत्नागिरीला, भाट्याच्या खाडीत गोळा केलं.

पानं तोडल्यापासून दिवसभरात प्रयोगशाळेत पोचली पाहिजेत. पान मेलं की आतल्या बुरशीचा कारभार बदलतो आणि बाहेरच्या बुरशी आत शिरतात. बर्फ घातलेला थर्माकोलचा डबा घेऊन मी अलिबागहून एसटीने पुण्याला आणि तिथून नाशिक गाडीने संगमनेरला यायची. कंडक्टर डब्याकडे बघून विचारायचे, "मासे का, ताई?" पानं आहेत म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा.

आता प्रयोगशाळेतलं काम. हे थोडं सविस्तर सांगते, कारण मला जे शिकायला मिळालं ते बहुतेक इथेच. पान आधी नळाखाली धुवायचं. मग अल्कोहोलमध्ये, मग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, पुन्हा अल्कोहोलमध्ये, शेवटी निर्जंतुक पाण्यात. हे सगळं पानाच्या पृष्ठभागावरचे जीव मारण्यासाठी. आतले जिवंत राहिले पाहिजेत, म्हणून वेळ सेकंदांत मोजायची. मग पानाचे अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे करून बटाट्याचा काढा, साखर आणि अगार घातलेल्या प्लेटवर ठेवायचे. तयार पावडर महाग, म्हणून बटाटे बाजारातून आणून आम्हीच उकळायचो.

यात एक पायरी अशी आहे की ती गाळण्याचा मोह नव्या माणसाला हमखास होतो. धुतलेलं पान कापण्याआधी एका कोऱ्या प्लेटवर दाबून उचलायचं. त्या ठशावर काही उगवलं, तर धुणं पुरं झालेलं नाही आणि त्या खेपेचे सगळे तुकडे फेकून द्यायचे. भारनियमन सांभाळून, इन्व्हर्टरवर उबवणी यंत्र चालवून वाढवलेल्या प्लेटा केवळ ठशावर एक ठिपका आला म्हणून फेकायच्या, हे मुलांना जड जातं. मलाही जायचं. पण तो ठसा कोरा नसेल, तर पुढचं सगळं काम पानावर बसलेल्या धुळीचं आहे, झाडाच्या आतल्या बुरशीचं नाही.

ठसा कोरा राहिला की चार-पाच दिवसांनी मौज सुरू होते. पानाच्या कापलेल्या कडेतून पांढरे धागे बाहेर येतात. वरच्या गुळगुळीत भागातून नाहीत, कडेतूनच. त्यांचं टोक सुईने उचलून नव्या प्लेटवर ठेवायचं. काही बुरशी दोन दिवसांत प्लेट भरतात आणि बाकीच्यांना दाबून टाकतात. खऱ्या कामाच्या पुष्कळदा सावकाश वाढणाऱ्या निघतात, म्हणून प्लेट लवकर टाकून द्यायची नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली पेस्टलोशिऑप्सिसचा बीजाणू पहिल्यांदा दिसला, तो क्षण मी अजून विसरलेले नाही. पाच पेशींची बारीक चाती. मधल्या तीन पेशी तपकिरी, दोन्ही टोकांच्या रंगहीन आणि एका टोकाला केसांसारखे दोन-तीन तंतू. एवढी नेटकी बांधणी, आणि ती एका खारट पानाच्या आत लपलेली. सगळ्याच बुरशी अशी ओळख देत नाहीत. कित्येक जणी बीजाणूच धरत नाहीत. त्यांना नाव मिळण्यासाठी त्यांचा डीएनए वाचावा लागतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. असा संग्रह बसने जाण्याइतका जवळ असणं, हे आमच्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्यांचं भाग्य म्हटलं पाहिजे.

बुरशी द्रवात तीन आठवडे न हलवता वाढवायची, गाळायची आणि त्या पाण्यातलं रसायन इथाइल ॲसिटेटने ओढून घ्यायचं. द्रावक उडून गेल्यावर तळाशी तपकिरी चिकट थर उरतो. तो जिवाणू पसरलेल्या प्लेटमधल्या छोट्या खड्ड्यांत घालायचा आणि रात्रभर ठेवायचा. सकाळी खड्ड्याभोवती जिवाणू उगवलेले नसतील, तर स्वच्छ वर्तुळ दिसतं. "मॅडम, वर्तुळ!" अशी हाक आली की सगळा विभाग धावत यायचा.

या वर्तुळाने मला हळूहळू सावध केलं. शेजारच्या खड्ड्यात नुसतं द्रावक घातलंय का? बुरशी न घातलेल्या द्रवाचा अर्क घातलाय का? कांदळाच्या पानात टॅनिन भरपूर असतं आणि ते स्वतःही जिवाणू रोखतं, मग हे बुरशीचं काम की पानाचं? एकेका प्रश्नाने बरीच वर्तुळं बाद होतात. जी उरतात, ती बहुतेक स्टॅफिलोकोकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंवरची. ई. कोलायसारख्या जिवाणूंना बाहेरून आणखी एक आवरण असतं. ते ओलांडून आत जाणारं रसायन क्वचित मिळतं आणि रुग्णालयांना आज सर्वाधिक गरज नेमकी त्याचीच आहे.

तिवराच्या पानातल्या एका पेनिसिलियमने आम्हाला मोठं, स्पष्ट वर्तुळ दिलं. द्रव लिंबासारखा पिवळा व्हायचा, अर्कातून पिवळे स्फटिक निघायचे. सगळ्या तपासण्या पार पडल्या. वाटलं, हेच. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत नमुना पाठवून रेणूचं वजन आणि रचना काढून घेतली. उत्तर आलं, सिट्रिनिन. हे रसायन पेनिसिलियम सिट्रिनममधून 1931 मध्येच वेगळं केलेलं आहे. ते जिवाणू मारतं, पण मूत्रपिंडालाही इजा करतं, म्हणून औषध होऊ शकलं नाही. आज त्याची गणना धान्यावरच्या बुरशीच्या विषांत होते.

मार्गदर्शक म्हणाले, "काम चोख झालं." त्या संध्याकाळी मला ते पटलं नाही, नंतर पटलं. जिवाणू मारणारी वस्तू सापडणं अवघड नाही. फिनाइलही मारतं. जिवाणू मरावा आणि गाय, माणूस, त्यांचं मूत्रपिंड शाबूत राहावं, हे अवघड. त्यातून ते रसायन आधी कुणाला सापडलेलं नसावं, हे आणखी अवघड. या क्षेत्रातला फार मोठा वेळ जुनंच पुन्हा सापडण्यात जातो. म्हणून अर्क हाती आला की आधी तो ओळखीचा आहे का हे पाहावं, आनंद नंतर करावा, असं मी विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात सांगते.

आणखी एक धडा बुरशीने दिला. झाडातून काढून प्लेटवर पिढ्यान् पिढ्या वाढवली की ती पुष्कळदा रसायन बनवणं सोडून देते. खायला आयतं मिळतं, शेजारी कुणी नाही, मग शस्त्र कशाला? द्रवात समुद्राचं मीठ घातलं किंवा मूळ झाडाच्या पानांचा काढा घातला, तर काही जणी पुन्हा कामाला लागतात, काही नाहीत. म्हणून पहिल्याच वाढीतला भाग गोठवून ठेवणं महत्त्वाचं. अंतर्वासी बुरशीच्या संशोधनाला खरी चालना मिळाली ती 1993 मध्ये, पॅसिफिक यू वृक्षातल्या एका बुरशीत टॅक्सॉल हे कर्करोगावरचं औषध सापडलं तेव्हा. पण बुरशी ते इतकं कमी बनवते की कारखान्यांना आजही वनस्पतीच्याच पेशी आणि पानं वापरावी लागतात. खारफुटीतल्या बुरशीपासून निघालेलं प्रतिजैविक तर अजून औषधाच्या दुकानात आलेलं नाही. थांबायची तयारीही हवी. प्ल्यूरोम्युटिलिन हे रसायन 1951 च्या सुमारास एका छत्रीवर्गीय बुरशीत सापडलं. त्यापासून बनलेलं, माणसाला पोटात देता येणारं लेफाम्युलिन अमेरिकेत मंजूर झालं 2019 मध्ये.

माझ्या कामाला वळण लावलं ते शेजारच्या अकोले तालुक्याच्या बाजूच्या एका विद्यार्थिनीने. घरची गाय दगडीने आजारी होती. सुया चालू होत्या, गुण नव्हता. ती एका छोट्या बाटलीत त्या सडाचं दूध घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, आपला अर्क यावर चालतो का बघू." आम्ही त्या दुधातला जिवाणू वेगळा केला. तो स्टॅफिलोकोकसच निघाला. प्लेटवर आमचा अर्क घातला आणि तुलनेसाठी बाजारातल्या औषधांच्या चकत्या ठेवल्या. सकाळी पेनिसिलीनच्या चकतीभोवती वर्तुळ पडलेलंच नव्हतं. जिवाणू चकतीला खेटून उगवले होते. ऑक्सिटेट्रासायक्लिनचीही तीच गत. आमच्या अर्काने जेमतेम एक कडी दिली. मी मात्र त्या दिवशी अर्काकडे पाहिलंच नाही, चकत्यांकडे बघत राहिले.

मग आसपासच्या गोठ्यांतून दूध येऊ लागलं. बाटल्यांबरोबर हकिगतीही यायच्या. कुणी मेडिकलवाल्याला विचारून सुई आणलेली, कुणी दोन दिवसांत दूध साफ दिसलं म्हणून तिसऱ्या दिवसाची सुई गाळलेली, कुणी तिन्ही चांगल्या सडांचं दूध त्याच दिवशी संकलन केंद्रावर घातलेलं. दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. दुधाचा पगार दहा दिवसांनी येतो आणि दूध ओतून दिलं तर तो कापला जातो. पण जिवाणूला आपली अडचण कळत नाही. अर्धवट मात्रेत जे जगतात, तेच पुढे वाढतात.

या गोठ्यांत मला पुन्हा पुन्हा दिसणारं एक नाव होतं, सेफ्ट्रिॲक्झोन. हल्ली दगडीला सर्रास दिलं जातं. त्याचा उगम वर्गात शिकवताना एरवी मी एका वाक्यात उरकायची. इटलीतल्या सार्डिनिया बेटावर काल्यारी शहरात जुझेप्पे ब्रोत्झू या डॉक्टरांनी 1945 मध्ये समुद्रात सांडपाणी सोडणाऱ्या तोंडापाशी एक बुरशी गोळा केली. तिचा अर्क टायफॉइडच्या जिवाणूंनाही रोखत होता. त्यांनी ती ऑक्सफर्डला पाठवली. तिथे तिच्यातून सेफॅलोस्पोरिन सी वेगळं झालं आणि 1964 मध्ये त्या कुळातलं पहिलं औषध बाजारात आलं. सेफ्ट्रिॲक्झोन त्याच कुळातलं. म्हणजे समुद्राकाठच्या बुरशीतून जे मिळावं म्हणून मी माळशेज उतरून खाडीत शिरत होते, ते 1945 मध्येच सापडलेलं होतं. कित्येकांच्या आयुष्यभराच्या कष्टांनी ते माझ्या तालुक्यातल्या गोठ्यापर्यंत येऊन पोचलंही होतं. आणि तिथं ते अर्धवट मात्रेत, न तपासता, वाया चाललं होतं.

हे नुसतं गोठ्यापुरतं नाही. 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणे 2019 मध्ये औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गाने जगभरात थेट 12 लाख 70 हजार माणसं गेली. त्याच वर्षी भारत सरकारने शेवटचा उपाय मानलेल्या कोलिस्टिनचा पशुपालनातला वापर बंद केला. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने देशभरातून घेतलेल्या दुधाच्या 6,432 नमुन्यांपैकी 77 नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळले होते. आकडा लहान दिसतो, पण ते दूध मुलांच्या पेल्यात जातं.

मी खारफुटीचं काम सोडलेलं नाही. खाडीत अजून किती बुरशी आहेत आणि त्या काय काय बनवतात, याचा अंत लागलेला नाही. खारफुटी तुटली, तर न पाहिलेलं तेवढंही जाईल. पण माझ्या हातून दोन वर्गांतली मुलं जातात. काही आसवनीत लागतात, काही पॅथॉलॉजीत, काही दुधाच्या प्लांटमध्ये. आज एक विद्यार्थी टँकरचं दूध उतरवण्याआधी त्यात औषधाचा अंश आहे का, हे तपासतो. त्याचं ते काम मला माझ्या प्रबंधाइतकंच मोलाचं वाटतं.

म्हणून गाई-म्हशी असलेल्या वाचकांना माझं सांगणं थोडं आणि रोखठोक आहे. धार काढल्यावर गाईला लगेच बसू देऊ नका. सडाची तोंडं काही वेळ उघडी असतात, तेवढा वेळ तिच्यापुढे चारा टाका. धार काढून झाली की सड जंतुनाशकात बुडवा. दगडी झालीच, तर पहिल्या सुईआधी दुधाचा नमुना पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत द्या. कोणतं औषध चालेल हे एक-दोन दिवसांत कळतं. डॉक्टरांनी सांगितलेल्या सगळ्या सुया पुऱ्या करा आणि औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले दिवस दूध केंद्रावर घालू नका. नवं प्रतिजैविक शोधायला एक पिढी लागते आणि तरी ते सापडेलच असं नाही. जे हाताशी आहे, ते टिकवणं मात्र उद्या सकाळच्या धारेपासून जमण्यासारखं आहे.